आजीच्या डब्यातली चांदी



या व्यासपीठावर काल एका विद्वान प्राध्यापकांचे व्याख्यान झाले, उद्या एका नामांकित कवींचे होणार आहे. मधल्या दिवशी चालकांनी माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला उभे केले. माझे शिक्षण शाळेत दहावीपर्यंत झाले, आणि पुढचे फाउंड्रीत, संपाच्या मांडवात व करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर झाले. तेव्हा माझ्याकडून अलंकारिक भाषेची अपेक्षा कुणी करू नये. चालक म्हणाले, "पगारवाढ, बोनस यावर तुम्ही नेहमीच बोलता. या वेळी काही वेगळे बोला." मी विषय सांगितला तेव्हा ते हसले. वारसाने आलेली चांदी ओळखावी कशी आणि स्वच्छ करावी कशी, हा तो विषय. युनियनच्या माणसाला चांदीशी काय कर्तव्य, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. ते कर्तव्य कोठून आले तेच प्रथम सांगतो.

1996 साली मी ज्या कारखान्यात मोल्डर होतो तेथे टाळेबंदी झाली. चार महिने दार बंद होते. तिसऱ्या महिन्यात आईने ट्रंकेच्या तळातून फडक्यात बांधलेले पायांतले तोडे काढले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. जोडीचे वजन चाळीस तोळे. आई म्हणाली, "आरं, माझ्या बापानं राणीचं रुपयं आटवून केल्यात ते. जा, पोरांच्या तोंडात घास पडू दे." मी ते घेऊन एका सराफाकडे गेलो. त्या गृहस्थांनी तोडा हातात घेतला, दगडावर घासला, एक थेंब टाकला आणि म्हणाले, "हलकी चांदी आहे. साठ टंच." टंच म्हणजे काय, हेही मला त्या वेळी ठाऊक नव्हते. त्यांनी दिले ते पैसे घेतले. पावती मागितली नाही. मालकाशी कराराच्या एकेका शब्दावरून रात्ररात्र भांडणारा मी, तेथे मात्र मान खाली घालून परत आलो. गरजेने आलेल्या माणसाचा आवाज आधीच खाली गेलेला असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्याच रुपयांतून, त्याच सोनाराच्या हातून झालेला माझा लहानपणचा एक वाळा घरात राहिला होता. बऱ्याच वर्षांनी मी तो टंच काढायला नेला. अठ्ठ्याऐंशी आले. आता साधा हिशेब करा. चाळीस तोळ्यांत अठ्ठ्याऐंशी टंचाने शुद्ध चांदी होते पस्तीस तोळ्यांच्या थोडी वर, आणि साठ टंचाने होते चोवीस तोळे. फरक अकरा तोळ्यांहून अधिक, म्हणजे सुमारे 130 ग्रॅम. तोड्यांत झाळण जास्त असू शकेल, म्हणून मी कुणावर शपथेवर आरोप करीत नाही. पण मला विचारता आले असते, आणि मी विचारले नाही, ही बोचणी आजही आहे. हे व्याख्यान त्या बोचणीतून आले आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. शंभर भागांत शुद्ध चांदी किती, तो टंच. निव्वळ चांदी मऊ असते, तिचे भांडे किंवा दागिना सहज वाकतो. म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. तांबे मिसळले म्हणजे फसवणूक झाली असे नव्हे. किती मिसळले ते न सांगणे, ही फसवणूक. इंग्लंडात स्टर्लिंग म्हणतात ती चांदी साडेब्याण्णव टंचाची. आपल्याकडचा राणीछाप रुपया बारा भागांत अकरा भाग चांदीचा, म्हणजे जवळजवळ ब्याण्णव टंच, आणि वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे रुपयेही त्याच कसाचे. 1940 साली युद्धकाळात सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 साली रुपया निकेलचा झाला. तेव्हा घरात कुणी "रुपये आटवून केलेले" असे सांगितले, तर कोणत्या सालचे रुपये, हा पहिला प्रश्न विचारावा. आजोबांनी 1930 साली केलेले तोडे आणि 1944 साली नव्या रुपयांतून केलेले तोडे दिसायला सारखे असतील, परंतु त्यांच्या कसात फार मोठे अंतर असेल.

दुसरी गोष्ट शिक्क्यांची. याविषयी आमच्याच गल्लीतला एक अनुभव सांगतो. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांचे आजेसासरे रत्नागिरीकडचे, बोटीवर इंजिनखात्यात नोकरीला होते. त्यांनी परदेशाहून आणलेले सहा लहान चमचे एका मखमली डबीत घरात पडून होते. दांड्यांच्या टोकाला निळ्या-तांबड्या रंगाचे मीनाकाम, एकावर शिडाचे जुने जहाज, एकावर डोंगर. पोरांनी त्यांचा भातुकलीत उपयोग केला होता. बाईंनी ते एका दुकानात दाखवले. दुकानदार म्हणाला, "चांदी नाही, असली तर अगदी अशुद्ध." बाई माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही कागदपत्रं वाचता, हेही वाचा," म्हणाल्या.

आम्ही भिंग घेऊन बसलो. पाच चमच्यांच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याहून बारीक अक्षरांत कोरले होते : 830 एस. शेजारी कारागिराच्या पेढीची खूण. सहाव्यावर मात्र आकडा नव्हता, आणि त्याच्या दांड्याच्या झिजलेल्या कडेला पिवळा धातू उघडा पडला होता. 830 एस ही नॉर्वेची रीत आहे. तेथे 1891 साली कायदा होऊन हजारांत आठशे तीस भाग ही चांदीची किमान मर्यादा ठरली. म्हणजे आपल्या भाषेत त्र्याऐंशी टंच. उत्तरेकडच्या त्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आगबोटीने डोंगर-खाड्या पाहायला लोक जाऊ लागले, आणि प्रवासाची आठवण म्हणून असे मीनाकामाचे चमचे विकत घेऊ लागले. जेजुरीहून भंडारा आणावा, पंढरपूरहून बुक्का आणावा, तसा तेथून चमचा आणायचा. पाच चमचे मिळून 60 ग्रॅम भरले. त्र्याऐंशी टंचाने त्यांत शुद्ध चांदी पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि मीन्याची काच थोडी वजा. सहावा चमचा मुलाम्याचा. बहुधा एक हरवला तेव्हा संच पुरा करायला कुणीतरी तो मागून घेतला असावा. "अशुद्ध" हा दुकानदाराचा शब्द अर्धा खरा होता. त्र्याऐंशी म्हणजे शंभर नव्हे. पण त्र्याऐंशी म्हणजे शून्यही नव्हे!

शिक्के वाचायचे काही साधे नियम आहेत. 999, 925, 830, 800 असा आकडा असेल तर तो हजारांत किती भाग ते सांगतो. चालता सिंह असेल तर ती इंग्लंडची स्टर्लिंग चांदी. ही खूण तेथे 1544 सालापासून चालत आली आहे. ई.पी.एन.एस. ही चार अक्षरे असतील तर आत जर्मन सिल्व्हर आणि वर चांदीचा पातळ मुलामा. विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे पेटंट 1840 साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी घेतले. त्यानंतर असा माल जगभर पसरला, आणि साहेबांच्या बंगल्यांच्या लिलावांतून आपल्याही घरांत आला. आता या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी किती? मुळीच नाही. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिलाफ. आणि आपण ज्याला घरात "जर्मनचे पातेले" म्हणतो ते तर ॲल्युमिनियम. नावात काय असते ते येथे कळते.

आपल्या देशात चांदीवर सरकारी मान्यतेचा हॉलमार्क 2005 सालापासून सुरू झाला. सोन्याला तो 2021 सालापासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीच्या हॉलमार्कला 1 सप्टेंबर 2025 पासून सहा अक्षर-अंकांची वेगळी ओळखखूण जोडली गेली, पण त्या वेळी सक्ती केली नाही, ऐच्छिक ठेवले. म्हणजे आपल्या आज्यांच्या डब्यातल्या बहुतेक वस्तूंवर असा शिक्का नसणारच. शिक्का नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, आणि एखाद्या पेढीचे नाव ठोकलेले आहे म्हणून ती शंभर नंबरीही ठरत नाही.

मग शिक्का नसेल तर काय करावे? घरच्या घरी तीन गोष्टी करता येतात. पहिली, झिजलेल्या जागा पाहाव्यात. तांब्याचा काठ, पळीची पाठ, ताम्हणाचा तळ. मुलामा तेथे प्रथम जातो आणि आतला पिवळा-तांबडा धातू दिसतो. दुसरी, लोहचुंबक लावून पाहावा. चांदी चिकटत नाही. मात्र तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर हेही चिकटत नाहीत, म्हणून चुंबकाने फक्त लोखंडाची लबाडी उघडी पडते. तिसरी गोष्ट वजनाची. चांदी या धातूंपेक्षा भारी असते. घरच्या छोट्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरा. कोरड्या वजनाच्या 100 ग्रॅम वस्तूला काटा साडेनऊ-पावणेदहा ग्रॅम दाखवील तर ती बहुधा चांदी आहे. साडेअकराच्या पुढे गेला तर जर्मन सिल्व्हर किंवा पितळ समजावे. वस्तू पोकळ असेल किंवा आत लाख भरली असेल तर ही परीक्षा चालत नाही, आणि लहान चमच्याला तर फरक इतका थोडा पडतो की साधा काटा फसतो.

तेजाबाची परीक्षा घरी मुळीच करू नये. शोऱ्याचे तेजाब हात जाळते आणि त्याची वाफ छातीत जाते. ते काम सराफाचे. पण तो करीत असताना आपण समोर उभे राहावे. आता टंच काढण्याची यंत्रे आली आहेत. किरण टाकून मिनिटाभरात आकडा देतात. तेथेही एक ध्यानात ठेवा : यंत्र वरच्या पापुद्र्यापुरतेच पाहते. मुलामा असेल तर ते मुलाम्याचा आकडा सांगेल. म्हणून आडजागी थोडे घासून दोन-तीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगावे, आणि झाळणाच्या जागी वेगळा आकडा येईल हेही समजून असावे.

येथे हुपरीचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातले ते गाव पैंजणांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. हुपरीबरोबर रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या आसपासच्या गावांतही हे काम घरोघर चालते. चांदी आटवायची, तार ओढायची, कड्या पाडायच्या, एकेक कडी जोडायची, झाळायची, घुंगरू लावायचे, उजळायचे. यांतली जोडणी पुष्कळशी बायकांच्या हातची. चूल उरकून उंबऱ्याशी बसायचे आणि मोजून घेतलेल्या चांदीतून मोजून माल परत द्यायचा. पैंजणावर टंचाचा आकडा असतो, कधी पेढीचे नाव असते. जिने ती कडी जोडली तिचे नाव कोठेही नसते. नॉर्वेच्या त्या चमच्यांवरही पेढीची खूण होती. मीना भरणाऱ्याचे नाव तेथेही नव्हते. समुद्र ओलांडला तरी ही रीत बदलत नाही. म्हणून चांदीची वस्तू हातात घेताना, ती कुणाच्या तरी डोळ्यांची किंमत देऊन झालेली आहे, एवढे मनात असू द्यावे, आणि मजुरीवरून घासाघीस करताना ते विसरू नये.

आता स्वच्छतेकडे वळतो. चांदी काळी का पडते? लोखंडासारखी ती गंजत नाही. हवेत गंधकाचा वायू अल्प प्रमाणात असतो. गटारातून, कुजणाऱ्या वस्तूंतून तो निघतो. अंड्यात, लोकरीत, रबरात गंधक असते. ते चांदीशी मिळून वर काळसर थर बनतो. म्हणजे तो मळ वरून बसलेला नाही. ती चांदीच आहे, गंधकाने बांधलेली. हे एकदा समजले की पुढचे सगळे समजते. राखेने, रांगोळीने, काथ्याने घासून तो थर काढला, तर त्याबरोबर आपण चांदीच घासून टाकतो. दर दिवाळीला थोडी थोडी. पन्नास दिवाळ्यांनी ताम्हणावरचे नाव दिसेनासे होते. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, आणि चांदी दगडापुढे मऊ. दंतमंजनाचेही तेच. चिंच तांब्या-पितळेला उत्तम, परंतु चांदीच्या या काळ्या थरावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

तेव्हा पहिला उपाय सर्वांत सौम्य : कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडके. धुऊन लगेच कोरडे पुसावे. निम्म्याहून अधिक वस्तूंना एवढे पुरते. त्यानेही भागले नाही तर उत्तम वस्त्रगाळ खडूची पूड ओल्या मऊ फडक्यावर घेऊन, गोल गोल न घासता एकाच दिशेने हलक्या हाताने पुसावे.

तिसरा उपाय रसायनशास्त्राचा. काचेच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियमचा कागद घालावा, लिटरभर गरम पाण्यात एक-दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून ओतावा, आणि चांदीची वस्तू त्या कागदाला टेकवून ठेवावी. थोड्या मिनिटांत काळेपणा जातो. थोडा कुजका वास येतो. तो सुटलेल्या गंधकाचा. ॲल्युमिनियम ते गंधक सोडवून घेते आणि चांदी होती तेथेच परत बसते. घासण्यात चांदी गमावते, येथे ती माघारी येते. आमच्या भाषेत सांगायचे तर निलंबित कामगाराला कामावर परत घ्यावे तसे हे आहे!

पण हा उपाय सर्वांना चालत नाही, आणि ते मी नुकसान करून शिकलो. त्या शिक्षिकाबाईंचे चमचे ओळखले याची मला घमेंड चढली. मी म्हणालो, "बाई, आता मी ते चकचकीत करून देतो." उकळत्या पाण्यात सोडा घालून पहिला चमचा सोडला. क्षणात कट् असा बारीक आवाज झाला आणि जहाजाच्या शिडाचा निळा तुकडा पाण्यात तरंगत खाली गेला. मीना म्हणजे काच. थंड काचेवर उकळते पाणी पडले की ती तडकते, हे चहाचा पेला धुणारे पोरही जाणते. मी मात्र त्या क्षणी विसरलो. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, राहू द्या. पोरांच्या हातून वाचला, तुमच्या हातून गेला." यापेक्षा रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणून सांगतो : मीना, खडे, मोती असतील, सोन्याचा मुलामा असेल, मूठ लाखेने बसवलेली असेल, किंवा नक्षीच्या खोलगट जागी मुद्दाम ठेवलेला काळेपणा असेल, तर ती वस्तू बुडवू नये. तो काळेपणा कारागिराने नक्षी उठावी म्हणून ठेवलेला असतो. अशा वस्तूला ओलसर मऊ फडके, आणि तेवढेच. मुलाम्याच्या वस्तूला तर पूडही लावू नये. थर पातळ असतो, एकदा गेला की गेला.

देवघरातल्या चांदीविषयी दोन शब्द. पंचामृत, मीठ, लिंबू, हळदकुंकू, ओली फुले रात्रभर भांड्यात ठेवू नयेत. मिठाने चांदीला बारीक खड्डे पडतात. पूजा झाली की त्याच दिवशी धुवावे, पुसावे. ठेवताना रबरी पट्टी लावू नये, लोकरीत किंवा छापील कागदात गुंडाळू नये. धुतलेल्या जुन्या मलमलीत किंवा सुती फडक्यात गुंडाळून बंद डब्यात ठेवावे. डब्यात खडूचा एक तुकडा टाकावा म्हणजे दमट हवा तो ओढून घेतो. आणि सर्वांत सोपा उपाय असा की वस्तू वापरावी. रोज हात लागणारी पळी क्वचितच काळी पडते.

शेवटी विकण्याविषयी. प्रसंग कुणावरही येतो. 2025 साली चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या पुढे गेला, तेव्हा कित्येक घरांतले डबे उघडले गेले. विकायचे झाले तर आधी घरी वजन करून लिहून ठेवावे. दोन ठिकाणी टंच काढावा. वजन, टंच, त्या दिवसाचा भाव आणि वजावट हे चारही आकडे पावतीवर मागावेत. जो पावती देत नाही त्याला चांदी देऊ नये. ही चांदी बहुतेक घरांत बायकांची असते. माहेरून आलेली, ओटीत पडलेली. विकताना मात्र पुरुष एकटाच जातो आणि एकटाच येतो. जिची वस्तू तिला बरोबर न्यावे. माझी आई माझ्याबरोबर आली असती, तर "कोणत्या सालचे रुपये" हे ती त्या सराफाला सांगू शकली असती. मी विचारलेच नाही.

आणखी एक काम करा. आज घरी गेल्यावर डबा उघडा आणि घरातल्या सर्वांत वडील बाईला शेजारी बसवा. कोणती वाटी कोणाच्या बारशाची, कोणते निरांजन कोणत्या मावशीने दिले, तोडे कोणत्या सालचे, हे वहीत लिहून काढा. भांड्यावर ठिपक्यांनी घातलेले नाव असेल तर ते जपा, त्यावरून पूड फिरवू नका. चांदीचा टंच यंत्र सांगेल, पण ती कोणाच्या कष्टाची हे सांगणारे माणूस एकदा गेले की कोणतेही यंत्र ते सांगणार नाही.

त्या सहा चमच्यांपैकी तडकलेला चमचा बाईंनी मला दिला. तो मी युनियनच्या ऑफिसात टेबलाच्या खणात ठेवला आहे. नवीन पोरगा कागद न वाचता सही करायला निघाला, की मी खण उघडतो आणि त्याच्या हातात तो चमचा आणि भिंग देतो. "पाठीमागे काय लिहिले आहे ते आधी वाच," म्हणतो.